नानांचं ‘बेंगाल’: जपानी जहाज नक्की बुडवलं कोणी?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, दाभोळ खाडीकाठच्या गावातले. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन नेव्हीत आगवाला, म्हणजे जहाजाचा बॉयलर सांभाळणारा, होते. ईदला सगळे जमले की आमच्याकडे एक गोष्ट हमखास निघते: नानांच्या जहाजाने हिंदी महासागरात जपान्यांचं दहा हजार टनांचं जहाज बुडवलं. मामू ती हातवाऱ्यांसकट सांगतात. त्यात नाना फावड्याने भट्टीत कोळसा मारतायत, वरून तोफगोळे पडतायत आणि शेवटी ‘धडाम्’. त्या धडामला शीरखुर्म्याच्या वाट्या हलतात.

यंदा मामूंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत नोकरीचे जीर्ण कागद, बुरशी लागलेला एक ग्रुप फोटो आणि काळं-हिरवं पडलेलं एक बटण. अंगठा फिरवला तर त्यावर नांगरासारखं काहीतरी लागतं. कागदावर जहाजाचं नाव बेंगाल. म्हणजे गोष्ट हवेतली नाही.

पण शोधायला बसलो आणि बुचकळ्यात पडलो. बेंगाल म्हणे माइनस्वीपर होतं, समुद्रात पेरलेले सुरुंग काढणारं. आणि डच लोक म्हणतात, ते जपानी जहाज त्यांच्या ‘ओंदिना’ नावाच्या तेलवाहू टँकरने बुडवलं. सुरुंग काढणारं जहाज लढाईत कसं गेलं आणि टँकर लढाऊ जहाज कसं बुडवेल? जाणकारांनी सांगावं. मामूंशी बोलण्याआधी मला खरं काय ते कळायला हवं.

पेठेतला पाहुणा

मामूंना काही सांगू नका. इतकी चांगली गोष्ट कशाला मोडायची?

बाकी जाणकार येतीलच. तोवर चिवडा घेऊन बसतो.

निवृत्त_नाविक

खाडीकाठचा, तुमच्या नानांना या म्हाताऱ्याचा सलाम. आम्ही भरती झालो तेव्हा बेंगाल भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव सगळ्यांना ठाऊक होतं. सविस्तर लिहितो, कारण थोडक्यात लिहिलं तर पटणार नाही.

ऑस्ट्रेलियाने युद्धकाळात बॅथर्स्ट वर्गाची ६० जहाजं बांधली. कागदावर ती माइनस्वीपर, पण लोक त्यांना कॉर्व्हेट, म्हणजे लहान लढाऊ जहाज, म्हणत. कारण ती पडेल ते काम करत: सुरुंग काढणं, पाणबुड्या हुडकणं, काफिल्याची राखण, माणसं आणि माल पोचवणं. त्यातली चार आपल्या नौदलाला मिळाली. बेंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. बेंगाल सिडनी बंदरातल्या कॉकाटू बेटाच्या गोदीत बांधलं. मे १९४२ मध्ये पाण्यात उतरलं, ऑगस्टमध्ये नौदलात दाखल झालं. लांबी १८६ फूट, वजन साडेसहाशे टन, वेग पंधरा-एक नॉट (ताशी पंधरा-एक सागरी मैल), पुढे एक तोफ, बाकी विमानविरोधी लहान तोफा. एवढाच संसार.

नवं कोरं जहाज ऑस्ट्रेलियातून हिंदुस्थानकडे यायला निघालं, तेव्हा येताना सोबतीला ओंदिना दिलं. हा रिकामा डच टँकर ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून दिएगो गार्सिया बेटामार्गे इराणात अबादानला तेल भरायला चालला होता. ११ नोव्हेंबर १९४२ ला दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, क्षितिजावर दोन जहाजं दिसली. होकोकू मारू आणि आइकोकू मारू. मुळात ही प्रवासी-मालवाहू जहाजं. जपानी नौदलाने त्यांच्यावर मोठ्या तोफा, टॉर्पेडो आणि टेहळणीची विमानं चढवून त्यांना व्यापारी जहाजांच्या शिकारीवर सोडलं होतं. प्रत्येकी १० हजार टनांवर, वेग २१ नॉट. त्याच वर्षी त्यांनी याच महासागरात जेनोटा नावाचा डच टँकर आणि हाउराकी हे न्यूझीलंडचं जहाज पकडलं होतं, एलिशिया हे ब्रिटिश जहाज बुडवलं होतं.

बेंगालचा कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन. पळून उपयोग नव्हता, समोरच्याचा वेग जास्त. त्याने ओंदिनाला ‘तू निघ’ म्हणून सांगितलं आणि बेंगालचं नाक शत्रूकडे वळवून सरळ चाल केली. तासा-दीड तासात होकोकू मारूला आग लागली, स्फोट झाले आणि ते बुडालं. बेंगालला गोळे लागले, पण एकही माणूस गेला नाही. विल्सनला पुढे डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं.

जहाज बुडवलं कोणी? बेंगालने. आम्हाला तरी असंच शिकवलं.

गणिती गोंधळ

माहितीपूर्ण प्रतिसाद. एक बारीकशी दुरुस्ती. बेंगालचे साडेसहाशे टन म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. जपानी जहाजाचे दहा हजार टन हे नोंदणीचे टन, ते वजन नसून आतल्या जागेचं माप. तेव्हा ‘पंधरापट मोठं’ वगैरे गणित कुणी मांडू नये.

शंकासुर

गगों, अजून कुणी मांडलंच नव्हतं ते गणित. तुम्हीच मांडलंत आणि तुम्हीच खोडलंत.

मीठभाकर

नाविककाका, आदर ठेवून असहमत.

‘आम्हाला असंच शिकवलं’ हे डच मुलगाही म्हणेल. ओंदिनाच्या शेपटाकडे चार इंची तोफ होती आणि गोळे मोजून ३२. तोफेवर नुसते डच नव्हते, व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी दिलेले ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश नौसैनिकही होते. ओंदिनाने पळून जायचं सोडून गोळीबार सुरू केला. होकोकू मारूच्या मागच्या भागात, टॉर्पेडो ठेवलेल्या जागेजवळ आपला गोळा बसला, असं ते सांगतात. त्याच वेळी बेंगालही त्याच जहाजावर मारा करत होतं. दोन बाजूंनी दोन तोफा, लक्ष्य एकच. कुणाच्या गोळ्याने भडका उडाला हे ठामपणे कुणीच सांगू शकत नाही. बुडालेल्या जहाजाचा पंचनामा झालेला नाही.

आणि ओंदिनाचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. गोळे संपले. कप्तान विलेम हॉर्समन ठार झाला. उरलेले होड्यांत उतरले. आइकोकू मारूने ओंदिनावर टॉर्पेडो सोडले, होड्यांवर मशीनगन चालवली, ओंदिना बुडतंय असं समजून बुडालेल्या जोडीदाराची माणसं उचलली आणि निघून गेलं. ओंदिना मात्र बुडालं नाही. टाक्या रिकाम्या होत्या, त्याच्यामुळे तरलं. होड्यांतले लोक परत चढले, त्यात चिनी खलाशीही होते. आग विझवली, कलंडलेलं जहाज सावरलं आणि आठवड्याभरात फ्रीमँटलला परत नेलं. तिकडे बेंगाल एकटंच दिएगो गार्सियाला पोचलं.

मला तर याच भागाचं जास्त अप्रूप आहे.

निवृत्त_नाविक

मीठभाकर, ओंदिनाच्या माणसांचं शौर्य कोण नाकारतंय? पण गोष्टीची सुरुवात कुठे झाली ते बघा. बेंगाल वळलं नसतं तर दोन्ही शिकारी जहाजं निवांतपणे ओंदिनाकडे गेली असती. तोफ कुणाचीही असो.

मीठभाकर

म्हणजे ‘आम्हीच बुडवलं’वरून ‘तोफ कुणाचीही असो’वर आलात. चालेल, मी इथेच थांबतो.

शंकासुर

गोळ्यावर नाव लिहिलेलं नसतं हो. वरातीतल्या फटाक्यासारखं आहे. खिडकीची काच फुटल्यावर दोन्हीकडची पोरं म्हणतात, आमचा नाही. इथे दोन्हीकडची म्हणतायत, आमचाच.

ट्रॉलरवाला

मला एक सांगा. सुरुंग काढायचे म्हणजे नक्की काय करायचं? आमचा धंदा हर्णैला मासेमारीचा. दोन वेळा जाळ्यात असलं लोखंडी काहीतरी आलं होतं, ते निघालं जुन्या बोयाचं. तेवढ्यानेही पोरांची पाचावर धारण बसली होती.

निवृत्त_नाविक

ट्रॉलरवाला, तुम्हाला समजावणं सगळ्यांत सोपं. तुमच्या ट्रॉलला दोन बाजूंना दोन फळ्या असतात ना, जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या? माइनस्वीपर तेच करतं, फक्त जाळ्याऐवजी मागून पोलादी दोर ओढतं. दोराच्या टोकाला फळीसारखंच एक अवजार असतं. ते पाण्याच्या जोराने दोर बाजूला ताणून धरतं. वर एक तरंगणारा पिंप, दोर किती खोल आहे ते राखायला.

जुना सुरुंग म्हणजे तळाच्या वजनाला साखळदंडाने बांधलेला आणि पाण्याखाली तरंगणारा गोळा. त्याला शिंगं असतात. शिंगात काचेची नळी, नळीत आम्ल. जहाज घासलं की नळी फुटते, आम्लाने वीज तयार होते आणि खेळ खलास. आपला ताणलेला दोर त्या साखळीला अडकतो, दोरावरची कात्री ती साखळी कापते, सुरुंग वर येतो. मग डेकवरून रायफलने त्याला फोडायचं किंवा भोकं पाडून बुडवायचं. कामाचा पैस दोराच्या रुंदीएवढा, म्हणून नांगरटीसारखं तास धरून जायचं आणि यायचं. गंमत अशी की पुढच्या जहाजाने साफ केलेल्या पट्ट्यात मागच्याने राहायचं, पण सगळ्यांत पुढचं जहाज कोऱ्या पाण्यात.

ट्रॉलरवाला

म्हणजे ट्रॉलरच की!

निवृत्त_नाविक

अगदी. पहिल्या महायुद्धापासून ब्रिटिशांनी मासेमारीचे ट्रॉलर माणसांसकट याच कामाला घेतले. हे काम हाताला आधीच येणारी माणसं तीच होती.

गणिती गोंधळ

हे झालं शिंगवाल्या सुरुंगाचं. १९३९ मध्ये जर्मनांनी चुंबकी सुरुंग टाकायला सुरुवात केली, तेव्हा दोर निरुपयोगी ठरला. तो सुरुंग तळाशी गप्प पडून राहायचा. वरून लोखंडी जहाज गेलं की चुंबकीय क्षेत्रातल्या बदलाने फुटायचा. नोव्हेंबर १९३९ मध्ये टेम्सच्या मुखाशी शूबरीनेसच्या चिखलात असा एक सुरुंग ओहोटीला उघडा पडला. ब्रिटिशांनी तो जिवंत उघडला आणि त्याचं गुपित काढलं. त्यानंतर जहाजांभोवती विजेच्या तारा गुंडाळून त्यांचं चुंबकत्व मारायला लागले. स्वीपरच्या मागे तरंगत्या केबल, त्यांत विजेचे झटके, म्हणजे सुरुंग लांबच फुटतो. मग आवाजावर फुटणारे आले. त्यांच्यासाठी जहाजाच्या नाकापाशी ठोकणारा हातोडा.

म्हणजे आधी गप्प राहायचं, मग आरडाओरड करायची. ऑफिससारखंच.

विल्यम्सटाउनची वहिनी

खाडीकाठचा दादा, मी मेलबर्नला असते. बेंगालच्याच वर्गाचं एचएमएएस कॅसलमेन हे जहाज इथे विल्यम्सटाउनच्या धक्क्यावर म्युझियम म्हणून बांधून ठेवलंय. पोरांना घेऊन दोनदा गेले आहे. पहिल्यांदा त्यांची हौस, दुसऱ्यांदा मीच ओढून नेलं.

तुमच्या नानांची जागा कशी असेल ते सांगते. डेकवरून उभ्या शिडीने उतरायचं, पाय मागे टाकत टाकत. इंजिनच्या खोलीत दोन वाफेची इंजिनं, त्यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. आता सगळं थंड आहे, रंगवलंय, तरी तेलाचा वास अजून आहे. तिथले स्वयंसेवक सांगतात की चालू असताना खाली असह्य उकडायचं. डोक्यावर पाइपच पाइप. आमच्या अहोंनी दोनदा डोकं आपटलं. आणि खिडकी? एकही नाही.

दादा, हे चुकवल्यासारखं वाटेल, पण या जहाजांचे बॉयलर तेलावर चालायचे. कोळसा नव्हता. फावडंही नसणार.

खाडीकाठचा

वहिनी, फावडं गेलं की मामूंची अर्धी गोष्ट गेली! ते उभे राहून फावडं मारून दाखवतात हो.

नाना नेव्हीच्या आधी व्यापारी बोटींवर होते, असं आई सांगते. तिथला कोळसा या गोष्टीत आला असावा. पण खिडकी नाही हे वाचून मी जरा थांबलो. म्हणजे नानांनी ती लढाई पाहिलीच नाही?

निवृत्त_नाविक

नाही. आगवाल्याला लढाई दिसत नाही, ऐकू येते. वरून, कप्तान उभा असतो त्या ब्रिजवरून, हुकूम पोचवणाऱ्या टेलिग्राफची घंटा वाजते, काटा फिरतो, त्याप्रमाणे वाफ द्यायची. बाकी कानावर आणि तळपायावर.

पेठेतला पाहुणा

काका, हे वाक्य वाचून चिवड्याचा घास हातातच राहिला.

साबुदाणा

अवांतर: माइनस्वीपरचा विषय निघालाच आहे तर ‘अब्राहम क्राइन्सेन’ राहून कसं चालेल?

तेही डच, तेही १९४२. जावा पडायला आल्यावर सुराबायाहून डच जहाजांना ऑस्ट्रेलियाकडे पळायचं होतं. वर जपानी विमानं. हे ५५ मीटरचं, जेमतेम पंधरा नॉटचं माइनस्वीपर. खलाश्यांनी किनाऱ्यावर उतरून झाडं, फांद्या तोडल्या, अख्खं जहाज झाकलं, उघड्या भागांना खडकासारखा रंग दिला. दिवसा किनाऱ्याला लागून नांगर टाकून बेट व्हायचं, रात्री चालायचं. ४५ माणसं होती जहाजावर. २० मार्च १९४२ ला पश्चिम ऑस्ट्रेलियात जेराल्डटनला सुखरूप पोचले. पुढे काही काळ तेच जहाज ऑस्ट्रेलियन नौदलात होतं. आज नेदरलँड्समध्ये डेन हेल्डरला म्युझियममध्ये आहे.

शंकासुर

आमच्या सोसायटीच्या गणपतीचा देखावा असाच असतो. फक्त तो रात्री चालत नाही.

ट्रॉलरवाला

वाळलेल्या फांद्या दुसऱ्या दिवशी तांबूस दिसतात. त्यांनी रोज नव्या तोडल्या असणार. आम्ही मांडवाला नारळाच्या झावळ्या लावतो तेव्हा हेच होतं.

मीठभाकर

ट्रॉलरवाला यांचा प्रतिसाद धाग्यातला सर्वोत्तम. इतिहासकाराला हे सुचलं नसतं.

काजूबी

मंडळी, सध्या आपल्याकडे माइनस्वीपर किती आहेत ठाऊक आहे का? खास त्याच कामासाठी बांधलेलं एकही नाही. सोव्हिएत संघाकडून घेतलेली बारा होती, पाँडिचेरी वर्गाची. त्यांत रत्नागिरी, कारवार, कोकण ही नावंही होती. एकेक करत निवृत्त झाली, शेवटचं कोळिकोड २०१९ मध्ये. आमच्या वास्कोला गोवा शिपयार्डात कोरियन कंपनीच्या मदतीने बारा नवी बांधायची होती. ते २०१८ मध्ये बारगळलं. शिपयार्डात काम करणारे आमचे शेजारी तेव्हा महिनाभर त्यावर बोलत होते, मग बोलायचे थांबले.

निवृत्त_नाविक

काजूबी, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. बंदराच्या तोंडाशी चार सुरुंग टाकले तरी वाहतूक थांबते. टाकायला एक रात्र पुरते, काढायला आठवडे जातात. या कामाला ना टाळ्या, ना पोस्टर. म्हणून पैसे शेवटी मिळतात.

आणि ‘कोकण’ नावाचं माइनस्वीपर त्याआधीही होतं बरं का. युद्धात ब्रिटनमध्ये बांधलेलं, बँगोर वर्गाचं. त्या वर्गातल्या जहाजांना प्रांतांची नावं दिली होती: कोकण, खैबर, कर्नाटिक, कुमाऊँ, औध, काठियावाड, माळवा, बलुचिस्तान.

गणिती गोंधळ

आणि फाळणीत वाटणी झाली तेव्हा बलुचिस्तानबरोबर औध, माळवा आणि काठियावाड ही तिन्ही पाकिस्तानच्या वाट्याला गेली!

शंकासुर

जहाजावर का होईना, काठियावाड पाकिस्तानात गेलंच म्हणायचं. मग तिकडच्यांनी ढोकळ्याची कृतीही मागितली असेल.

लालबागचा लेखक

सगळे ‘आपलं नौदल’, ‘आपलं जहाज’ म्हणतायत. जहाजाच्या नावाआधी लागायचं त्या एचएमआयएसमधला ‘एच’ ‘हिज’चा आणि ‘एम’ ‘मॅजेस्टी’चा, हे विसरलात का? ही माणसं इंग्रजांसाठी लढली. हिंदी नौदलाची खरी गोष्ट फेब्रुवारी १९४६ ची. मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर खलाशांनी वाईट जेवण आणि गोऱ्यांच्या शिव्या यांवरून संप केला. पाच दिवसांत तो ७८ जहाजांवर पोचला, २० हजार खलाशी त्यात उतरले, मुंबईच्या रस्त्यांवर कामगार त्यांच्या बाजूने मेले. त्याचा धागा काढा.

मीठभाकर

काडी टाकलीत. पण ४६ चे खलाशी आणि ४२ चे खलाशी ही वेगळी माणसं कशी? बरेचसे तेच. ४२ मध्ये तोफेखाली उभं राहून त्यांना कळलं की आपण गोऱ्यापेक्षा कशात कमी नाही, तेव्हाच ४६ मध्ये ताट फेकता आलं. तुम्ही दोन गोष्टींची मध्येच फाळणी करताय.

लालबागचा लेखक

हे पटण्यासारखं आहे. तरी वेगळा धागा काढतोच.

खाडीकाठचा

नानांबद्दल विचाराल म्हणून सांगतो: कागदांवरून ते ४६ च्या आधीच घरी आले होते. नेव्हीत त्यांचं पोट भरायचं, असं ते म्हणायचे म्हणे. पण भरती कशासाठी झाले, तर गावात दोन वर्षं भात बुडालं होतं. आमच्या भागातल्या किती घरांत हेच कारण असेल! कोकणी मुसलमानांची पोरं बोटींवर जायची ती पिढ्यानपिढ्या. घरात सारंग नाहीतर तांडेल (खलाशांचा मुकादम) असायचाच, नेव्हीच्या भरतीवाल्यांनाही रत्नागिरीचा रस्ता चांगलाच माहीत होता.

काल बुधवारी आईबरोबर खालाकडे गेलो. खाला आईपेक्षा मोठी, नानांजवळ जास्त राहिलेली. तिला तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. (शंकासुर, ढोकळ्याचा पण. हसली.) मग मी सरळ विचारलं, नाना काय म्हणायचे? बेंगालने बुडवलं की टँकरने?

खाला म्हणाली, नानांनी ‘आमी बुडवलं’ असं कधी म्हटलंच नाही. ते मामूचं. नाना सांगायचे ते एवढंच: घंटा वाजली, वाफ मागितली. मोठी जहाजं दिसली आहेत हे शिडीवरून कुणीतरी ओरडून सांगितलं होतं. आता पळणार असं खाली सगळ्यांना वाटलं. मग जहाज वळलं. नानांचे शब्द खालाने जसेच्या तसे सांगितले, तसेच लिहितो: “वलला ता आमाना पायाना कलला. पन पलायच्या बाजूला नाय वलला.”

वर तोफ उडाली की पाइपांवरचा रंग पापुद्र्यांनी अंगावर पडायचा. नाना मोजत होते, आपली तोफ किती वेळा उडाली ते. मध्येच एक धक्का असा आला की मोजणी चुकली. त्यानंतर ते आयुष्यभर आठवायचा प्रयत्न करायचे, कितीपर्यंत पोचलो होतो. सतरा की एकोणीस. मरायच्या आधीच्या वर्षातही म्हणे खालाला विचारलं होतं, जणू ती तिथे होती.

संध्याकाळी वर आले तेव्हा समुद्र रिकामा. टँकर नाही, जपानी नाही. कुणी बुडवलं, कधी बुडालं, ते त्यांना दुसऱ्यांनी सांगितलं.

विल्यम्सटाउनची वहिनी

दादा, हे वाचून मी पुन्हा कॅसलमेनला जाणार. त्या खोलीत दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहीन.

निवृत्त_नाविक

काही लिहायला सुचत नाही. सतरा की एकोणीस.

मीठभाकर, माझं पहिल्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मी मागे घेतो. संपादकांनी खोडलं तरी चालेल.

मीठभाकर

राहू द्या काका. पुढचा प्रतिसाद त्यावरच उभा आहे.

साबुदाणा

त्या दुसऱ्या जपानी जहाजाचं, आइकोकू मारूचं, काय झालं? की तेही कुणी बुडवलं यावर दोन मतं आहेत?

गणिती गोंधळ

त्यावर एकच मत आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटांपाशी अमेरिकी विमानांनी बुडवलं, बरीच माणसं गेली. आता तिथे पाणबुडे हौसेने खाली जाऊन ते जहाज बघतात. आणि या नोव्हेंबरच्या लढाईनंतर जपान्यांनी हिंदी महासागरात अशी शिकारी जहाजं पाठवणं जवळपास बंदच केलं.

ट्रॉलरवाला

आणि बेंगालचं?

निवृत्त_नाविक

स्वातंत्र्यानंतर आयएनएस बेंगाल झालं. १९६० मध्ये मुंबईतच तोडलं. वय अठरा.

पेठेतला पाहुणा

खाडीकाठचा, मूळ प्रश्न तसाच राहिला. मामूंना सांगितलंत का?

खाडीकाठचा

खालाने फोन करून सांगितलं. मामू दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, फावडं काढतो, पण धडाम् राहणार. मी म्हटलं, धडाम् राहू दे, जहाज खरंच फुटलं होतं. फक्त ते नानांनी खालून ऐकलं असं सांगा. म्हणाले, बघतो.

काजूबी

त्या बटणाचा जवळून फोटो टाका ना. आणि हात जोडून विनंती, घासू नका. जुन्या पितळेचा तो थर तसाच ठेवायचा असतो.

खाडीकाठचा

उशीर झाला काजूबी. मामींनी कालच चिंच आणि मीठ लावून लख्ख केलं. नांगर आता पार खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो.